मूत्रविकार असलेल्या मांजरासाठी परवडणारा आहार कसा निवडावा?

रानजाई (धागाकर्ती):

आमच्याकडे तीन मांजरे आहेत. त्यांपैकी सहा वर्षांचा, नसबंदी केलेला आणि वजनाने साडेपाच किलोच्या आसपास असलेला बोका गेल्या वर्षभरात दोनदा मूत्रविकाराने आजारी पडला. पहिल्या वेळी त्याची लघवी पूर्णपणे तुंबली होती. कॅथेटर घालून ती मोकळी करावी लागली आणि त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. दुसऱ्या वेळी लघवी होत होती, परंतु थेंबथेंब, वेदनेसह आणि रक्तमिश्रित. एक्स-रेमध्ये खडा दिसला नाही. लघवीच्या तपासणीत स्ट्रुव्हाइट या खनिजाचे स्फटिक, सामू म्हणजे पीएच ७.५ आणि विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवीचा दाटपणा १.०५२ असे आकडे आले असून जंतुसंसर्ग आढळलेला नाही. आजवर तो जवळजवळ पूर्णपणे कोरड्या खाद्यावरच राहिला आहे.

पशुवैद्यांनी मूत्रविकारासाठी बनवलेले, चिठ्ठीवर मिळणारे खाद्य आजन्म देण्याचा सल्ला दिला आहे. त्यांच्या सल्ल्यावर माझा अविश्वास नाही. परंतु तिन्ही मांजरे एकाच ठिकाणी खातात आणि ते खाद्य तिघांनाही द्यायचे म्हटल्यास तो खर्च आम्हाला दीर्घकाळ झेपणार नाही. म्हणून विचारते की हे खास खाद्य खरोखर आजन्म लागते का, ‘मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी’ असे लिहिलेले साधे खाद्य त्याच्या जागी चालेल का, आणि घरी शिजवून दिल्यास खर्च व आजार दोन्ही आटोक्यात राहतील का?

पानगळ:

हा धागा पुढे कोणीतरी घाबरलेल्या मनःस्थितीत शोधून वाचेल, म्हणून आहाराआधी एक सूचना लिहून ठेवतो. बोका पुन्हापुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, सतत इंद्रिय चाटत असेल आणि लघवीचा थेंबही बाहेर येत नसेल, तर त्या दिवशी आहाराची चर्चा करू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. लघवी तुंबली की २४ ते ४८ तासांत रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. अनेकांना हे कुंथणे बद्धकोष्ठतेचे वाटते आणि त्यात मोलाचे तास जातात. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने त्यांच्यात हा प्रकार क्वचितच घडतो. बोक्यांचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. ‘मूत्रविकार’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचे आहाराशी असलेले नाते वेगळे आहे. दहा वर्षांखालच्या मांजरांत निम्म्याहून अधिक वेळा कोणतेही ठोस कारण सापडत नाही. मूत्राशयाचा दाह असतो, पण खडा नसतो आणि जंतूही नसतात. याला अज्ञातहेतुक मूत्राशयदाह म्हणतात. त्याखालोखाल खडे आणि मूत्रमार्गात अडकणारे बुच येतात. हे बुच श्लेष्मा, पेशी आणि बहुधा स्ट्रुव्हाइटचे स्फटिक यांचे बनलेले असते. जंतुसंसर्ग तरुण मांजरांत अगदी थोड्यांना असतो, उतारवयात मात्र त्याचे प्रमाण बरेच वाढते. म्हणून तरुण मांजराला प्रत्येक वेळी तपासणीशिवाय प्रतिजैविके देणे हा बहुतेकदा वाया जाणारा खर्च आहे, आणि परवडण्याचा विचार करताना तो आधी वगळता येतो.

खड्यांमध्ये मुख्य प्रकार दोन आहेत. स्ट्रुव्हाइट हे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे संयुग असून ते अल्कधर्मी लघवीत जमते आणि लघवी पुरेशी आम्ल व पातळ झाली की विरघळते. कॅल्शियम ऑक्झलेट कोणत्याही आहाराने विरघळत नाही. ते काढावेच लागते. एक्स-रेमध्ये दोन्ही दिसतात, परंतु कोणता खडा कोणता हे केवळ चित्रावरून ठामपणे सांगता येत नाही. लघवीचा सामू, मांजराचे वय आणि स्फटिकांचा प्रकार यांवरून पशुवैद्य अंदाज बांधतात आणि खडा हाती आल्यास त्याचे विश्लेषण करून घेतात.

तुमच्या बोक्याच्या बाबतीत सामू ७.५ आणि स्ट्रुव्हाइटचे स्फटिक या दोन गोष्टी एका दिशेने बोट दाखवतात. एकदा तुंबलेल्या बोक्यात त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तरीही मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा विशिष्ट गुरुत्वाचा आहे. १.०५२ म्हणजे लघवी फार दाट आहे. ती १.०३५ च्या खाली, शक्य झाल्यास १.०३० च्या आसपास आणणे हे तुमचे पहिले काम आहे, आणि ते करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाणी.

शेवंती:

पानगळ यांच्या प्रतिसादाला एक जोड देते. स्फटिक दिसले एवढ्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. लघवीचा नमुना तासन्‌तास पडून राहिला किंवा फ्रिजमध्ये ठेवला गेला, तर मूळ लघवीत नसलेले स्फटिक त्यात तयार होऊ शकतात आणि सामूही वर सरकू शकतो. नमुना शक्यतो अर्ध्या ते एक तासाच्या आत तपासला गेला पाहिजे. अनेक पूर्णपणे निरोगी मांजरांच्या दाट लघवीतही थोडे स्फटिक असतातच. केवळ अशा एका अहवालावर एखाद्या मांजराला आयुष्यभर महाग खाद्य सुरू झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. रानजाई, तुमचा नमुना किती वेळाने तपासला गेला हे एकदा विचारून घ्या. ताज्या नमुन्याची पुन्हा एक तपासणी ही खाद्याच्या एका मोठ्या पिशवीपेक्षा नक्कीच कमी खर्चाची असेल.

हिशेबनीस:

पाण्याचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे तो किती मोठा आहे हे लक्षात येईल. चार किलोच्या घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २२० किलोकॅलरी पुरतात, असे धरू. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी असतील, तर त्याला दिवसाला सुमारे ५८ ग्रॅम खाद्य लागेल. त्यात पाणी असते फक्त आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच मिलिलिटर. ओल्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ किलोकॅलरी धरल्यास २६० ग्रॅम लागेल आणि त्यातून दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पोटात जाईल. या वजनाच्या मांजराची पाण्याची एकूण गरजही साधारण तेवढीच असते. कोरडे खाणारी मांजरे भांड्यातले पाणी अधिक पितात हे खरे आहे, पण तूट पूर्णपणे भरून निघेल इतके पीत नाहीत. मांजराची तहान मुळात मंद असते आणि तिची मूत्रपिंडे पाणी राखून लघवी दाट करण्यात पटाईत असतात.

चमचाभर साखर पेलाभर पाण्यात विरघळते आणि तीच घोटभर पाण्यात तळाशी उरते. लघवीतील खनिजांचेही तसेच होते. म्हणून पाणी वाढवण्याचा उपाय स्ट्रुव्हाइट, ऑक्झलेट आणि खड्यांविना होणारा दाह या तिन्हींना लागू पडतो. आम्लता वाढवण्याच्या उपायाबद्दल तसे म्हणता येत नाही.

आता किमतीकडे येतो. खाद्याची तुलना पाकिटाच्या किंवा किलोच्या किमतीवरून कधीही करू नये. ती उष्मांकांवरून करावी. एका कोरड्या खाद्यात किलोमागे ४,००० किलोकॅलरी आहेत आणि दुसऱ्यात ३,३०० आहेत असे समजा. दुसरे किलोमागे वीस टक्के स्वस्त असले, तरी मांजराचे पोट भरण्यासाठी ते अधिक लागणार असल्याने प्रत्यक्षात जेमतेम तीन टक्के स्वस्त पडते. पाकिटावर उष्मांकांचा उल्लेख नसेल तर उत्पादकाकडे विचारावा; जो उत्पादक हा आकडा सांगू शकत नाही, त्याचे खाद्य मी आजारी मांजराला देणार नाही.

हीच अडचण खनिजांच्या टक्केवारीतही आहे. ओल्या खाद्यावर मॅग्नेशियम ०.०२ टक्के आणि कोरड्यावर ०.०९ टक्के असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला चौपटीहून अधिक फरक दिसतो. पाणी वजा करून पाहिले तर दोन्हीकडे ते ०.१ टक्क्याच्या आसपास येते.

काजवा:

माझ्या मांजरीला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा झाला होता आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागला, म्हणून या प्रकाराविषयी थोडे वाचन झाले. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून प्राण्यांच्या मूत्रखड्यांचे विश्लेषण करणारे केंद्र चालते. सुरुवातीच्या वर्षांत तिथे येणारे मांजरांचे खडे बहुतांश स्ट्रुव्हाइटचे असत. त्यानंतर खाद्यातील मॅग्नेशियम कमी करण्याची आणि लघवी आम्ल ठेवण्याची पद्धत सर्वत्र रुजली. स्ट्रुव्हाइट घटले आणि नव्वदच्या दशकात ऑक्झलेटने त्याला मागे टाकले. पुढे खाद्यांच्या रचनेत पुन्हा बदल झाले आणि स्ट्रुव्हाइटचे प्रमाण काही अंशी परत वाढले. या बदलामागे केवळ आहारच होता असे मी म्हणत नाही, परंतु ‘जितके आम्ल तितके चांगले’ ही समजूत किती महागात पडू शकते हे त्यातून दिसते.

‘राखेचे प्रमाण कमी’ ही पाकिटावरची ओळसुद्धा त्याच जुन्या काळाची आहे. राख म्हणजे सर्व खनिजांची बेरीज. त्यातले कोणते खनिज किती आहे आणि लघवीचा सामू किती राहतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी तरी या ओळीसाठी जादा पैसे मोजणार नाही.

उंबरठा:

घरगुती आहाराबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या बोक्यालाही असाच त्रास झाला होता. आम्ही कोरडे खाद्य पूर्ण बंद करून त्याला बिनहाडाचे उकडलेले मांस आणि त्याचेच पाणी द्यायला सुरुवात केली. आठवड्याभरात रक्त थांबले, तो पूर्ववत खेळू लागला आणि खर्चही निम्म्यावर आला. निसर्गात मांजर मांसच खाते, त्यामुळे एवढी आकडेमोड कशासाठी करायची, हे मला खरोखर समजत नाही.

पानगळ:

उंबरठा, तुमचा बोका बरा झाला याचा आनंद आहे, परंतु या अनुभवातून निष्कर्ष काढताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अज्ञातहेतुक मूत्राशयदाहाचा झटका बहुतेक मांजरांत आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात मांस दिले असेल तर श्रेय मांसाला जाते, औषध दिले असेल तर औषधाला जाते आणि महाग खाद्य दिले असेल तर त्या खाद्याला जाते. आहाराचा खरा कस पुढचे झटके किती आणि कितक्या अंतराने येतात यावर लागतो. तुमच्या बाबतीत मांसाबरोबर पाणीही वाढले, आणि त्याचा फायदा नक्कीच झाला असेल.

निसर्गातले मांजर उंदीर खाते तेव्हा हाडे, यकृत, हृदय आणि आतडी यांसकट खाते. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस पंधरा ते वीस पट असतो. असा आहार दीर्घकाळ चालला की शरीर आपल्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. वाढत्या पिल्लांत हे फार लवकर दिसते, मोठ्यांत उशिरा दिसते. टॉरिन या अमिनो आम्लाचा प्रश्न वेगळाच आहे. मांजराचे शरीर हे द्रव्य पुरेसे तयार करू शकत नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की त्याच्या कमतरतेने मांजरांचे हृदय पसरट व दुबळे होते; त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. मांस उकडताना टॉरिनचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी तुम्ही देता हे चांगलेच आहे, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. शिवाय खनिजे, ‘ई’ जीवनसत्त्व, आयोडिन अशी यादी पुढे आहेच.

घरगुती आहार अशक्य आहे असे नाही. पशुपोषणतज्ज्ञाने त्या विशिष्ट मांजरासाठी आखून दिलेली कृती, ठरलेली पूरके आणि ग्रॅममध्ये केलेले मोजमाप असेल तर तो चालतो. परंतु सल्ला, पूरके आणि मांस यांचा एकत्र हिशेब केला, तर तो साध्या ओल्या खाद्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. दिवसाच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपर्यंत मीठ-मसाल्याविना उकडलेले मांस दिले तर संतुलन बिघडत नाही. एवढी मुभा ओल्या खाद्याची सवय लावताना उपयोगी पडते. कांदा आणि लसूण मात्र पाण्यातूनही पोटात जाता कामा नयेत, कारण त्यांनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा मासा काही प्रकारांत ‘बी-१’ जीवनसत्त्व नष्ट करतो, म्हणून तोही नको.

उंबरठा:

कॅल्शियमचे प्रमाण इतके व्यस्त असेल याची कल्पना नव्हती. पशुवैद्यांशी बोलून पूर्ण आहार आखून घेतो. मात्र ओल्या अन्नाचा फायदा मलाही दिसला, यावर आपले एकमत आहे.

हिशेबनीस:

त्या एकमताला एका अभ्यासाचाही आधार आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खड्यांविना मूत्राशयदाह असलेल्या ४६ मांजरांना लघवी आम्ल ठेवणारे खाद्य वर्षभर देण्यात आले. काहींना ते डबाबंद ओल्या रूपात, तर काहींना कोरड्या रूपात. ओले खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना आणि कोरडे खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुन्हा झटका आला. मांजरांची संख्या लहान आहे, त्यामुळे आकडा शिलालेखासारखा मानू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

रानजाई (धागाकर्ती):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नमुन्याबद्दल विचारले, तो दवाखान्यातच घेऊन लगेच तपासला होता, त्यामुळे स्फटिक खरे धरायला हवेत. आता माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. बोका ओल्या खाद्याला तोंड लावत नाही, नुसता वास घेऊन निघून जातो. आणि खास खाद्य व साधे ‘मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठीचे’ खाद्य यांत नेमका फरक काय, हे अजून स्पष्ट झालेले नाही.

शेवंती:

पहिल्या अडचणीबद्दल मी लिहिते. भूक लागली की खाईल, असे म्हणून लठ्ठ मांजराला कधीही उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस काहीच न खाल्ल्यास यकृतात चरबी साठण्याचा गंभीर आजार होऊ शकतो आणि लठ्ठ मांजरांना त्याचा धोका अधिक असतो. आधी चोवीस तास भरलेली वाटी बंद करून ठरावीक वेळी खाणे द्यायला लागा. मग त्याच्या नेहमीच्या कोरड्या खाद्याशेजारी चमचाभर ओले ठेवा. त्याने खाल्ले नाही तरी ठेवत राहा. ओले खाद्य फ्रिजमधून काढून तसेच न देता कोमट करून द्या, कारण मांजर चवीपेक्षा वासावर अधिक जाते. काही मांजरांना लगदा आवडत नाही पण रस्सा असलेले तुकडे आवडतात, काहींचे नेमके उलट असते. म्हणून सुरुवातीला लहान पाकिटे घ्या आणि पसंती कळल्याशिवाय मोठी खोकी विकत घेऊ नका. हा बदल दहा दिवसांत होईल किंवा त्याला दोन महिनेही लागतील.

तोवर कोरड्या खाद्यातच पाणी घालता येते. सुरुवात एका चमच्याने करावी आणि हळूहळू खाद्य पाण्यात बुडेपर्यंत ते वाढवावे. भिजवलेले खाद्य तासन्‌तास तसेच ठेवू नये, कारण त्यात जंतू वाढतात. पाण्याची भांडी खाण्यापासून आणि लिटर बॉक्सपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. पाण्याच्या विजेवरच्या कारंज्यांचा फार गवगवा होतो. काही मांजरांना ती आवडतात, परंतु लघवी हमखास पातळ होते असे दिसलेले नाही. ते पैसे मी ओल्या खाद्यावर घालीन.

पानगळ:

दुसऱ्या अडचणीबद्दल सांगतो. हिल्सचे सी/डी, रॉयल कॅनिनचे युरिनरी एस/ओ किंवा प्युरिनाचे यूआर यांसारखी चिठ्ठीवरची खाद्ये स्ट्रुव्हाइट विरघळावे आणि पुन्हा जमू नये या हेतूने बनवलेली असतात. त्यांवर पोसलेल्या मांजरांच्या लघवीत खनिजे किती संपृक्त राहतात याच्या चाचण्या केलेल्या असतात आणि ऑक्झलेटचा धोका वाढू नये याकडेही लक्ष दिलेले असते. साध्या दुकानी खाद्यावरील ‘मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी’ या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की मॅग्नेशियम मर्यादित ठेवले आहे आणि सामू थोडा आम्ल राहील असे पाहिले आहे. निरोगी मांजरासाठी ते ठीक आहे. मूत्राशयात बसलेला खडा विरघळवण्यासाठी त्यावर अवलंबून राहू नये.

यातून खर्चाचा एक मार्ग निघतो. स्ट्रुव्हाइटचा खडा असेल तर खास खाद्य बहुधा दोन ते पाच आठवड्यांत आपले काम करते, मात्र त्या काळात तेच आणि फक्त तेच पोटात गेले पाहिजे. शेजारच्या वाटीतले चार घासही परिणाम बिघडवतात. खडा लहान होत असताना बोक्याच्या मूत्रमार्गात अडकू शकतो, म्हणून लक्षही तितकेच ठेवावे लागते. या काळात काटकसर करू नये, कारण अर्धवट उपचार सर्वांत महाग पडतो. त्यानंतरचे ‘आजन्म’ कितपत अटळ आहे, हे मात्र मांजरागणिक ठरते. ज्या मांजराला केवळ ओल्या, संपूर्ण व संतुलित साध्या खाद्यावर सामू ६.० ते ६.५ च्या दरम्यान आणि लघवी पातळ ठेवता येते, त्याच्या बाबतीत अनेक पशुवैद्य खास खाद्य थांबवायला तयार होतात. रानजाई, तुमचा बोका एकदा तुंबलेला असल्यामुळे मी स्वतः काही महिने तरी खास खाद्यावरच, तेही ओल्या प्रकारावर, ठेवले असते आणि मग पशुवैद्यांच्या देखरेखीखाली बदल करून पाहिला असता.

पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ हे शब्द पाहूनच घ्या. ‘पूरक’ असे लिहिलेले पाकीट खाऊ म्हणून ठीक आहे, जेवण म्हणून नाही. कुत्र्याचे खाद्य स्वस्त असते म्हणून तेही देऊ नका. त्यातील टॉरिन आणि प्रथिने मांजराला पुरत नाहीत.

मृगजळ:

मी आमच्या मांजरीच्या पाण्यात सफरचंदाचा व्हिनेगर घालते, तसेच क्रॅनबेरीची पूडही देते. हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत. यांविषयी कोणी सांगेल का?

काजवा:

व्हिनेगर घातलेले पाणी मांजर कमी पिते, हा त्याचा सर्वांत ठळक परिणाम असतो आणि तो आपल्याला नको असलेला आहे. क्रॅनबेरीचा विचार माणसांमधल्या जंतुसंसर्गावरून आला. ज्या मांजरांना मुळात जंतुसंसर्गच नसतो, त्यांच्यात ती काय करणार? लघवी आम्ल करण्यासाठी म्हणून ‘सी’ जीवनसत्त्व देणारेही भेटतात; त्याचे शरीरात अंशतः ऑक्झलेट होते, त्यामुळे मी त्याच्या जवळही जात नाही. डीएल-मेथिओनीन आणि अमोनियम क्लोराइड ही खरीखुरी आम्लकारक द्रव्ये आहेत, पण बहुतेक खास खाद्यांत आम्लतेची सोय आधीच केलेली असते. त्यावर पुन्हा गोळ्या दिल्यास रक्ताचीच आम्लता वाढू शकते आणि पोटॅशियम घटू शकते. पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या माद्या आणि मूत्रपिंडाचे आजार असलेली मांजरे यांना तर आम्लता वाढवणारे खाद्यही पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सांजवात:

चर्चा खाद्यापुरती आहे, तरी थोडे अवांतर लिहिते, कारण त्याचा खर्चाशी संबंध आहे. रानजाईंच्या घरात तीन मांजरे एकाच ठिकाणी खातात, हे वाक्य मला पहिल्या प्रतिसादापासून खटकते आहे. खड्यांविना होणाऱ्या दाहात ताणाचा वाटा मोठा असतो. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा मांजरांच्या राहण्याच्या जागेत बदल करून लक्षणे कमी होताना नोंदवली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवे. मांजरे प्रत्यक्ष भांडत नसली, तरी एक जण वाटेत बसून राहिला की दुसरा पाणी प्यायला आणि लघवीला जाणे टाळतो. खाण्याच्या जागा एकमेकांना न दिसतील अशा वेगळ्या कराव्यात आणि लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक ठेवावा. तुमच्याकडे चार हवेत. त्यासाठी कोणतेही उथळ, रुंद टब चालतात. वेगवेगळ्या ठिकाणी, वेळेवर वाढून, वीस मिनिटांनी वाट्या उचलल्या की खास खाद्य फक्त बोक्याला देता येते आणि तिघांचा खर्च एकावर येतो. कोणी किती खाल्ले हेही त्यामुळे रोजच्या रोज कळते.

हिशेबनीस:

सांजवात यांचा मुद्दा हिशेबाच्या दृष्टीनेही सर्वांत वजनदार आहे. त्यात एवढीच भर घालतो की साडेपाच किलोचा बोका बहुधा गरजेपेक्षा अधिक खातो आहे आणि लठ्ठपणा हा या विकाराचा एक धोका मानला जातो. मापाच्या कपाऐवजी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजून द्यावे. कपाने मोजताना बराच फरक पडतो. वजन मात्र हळूहळू, आठवड्याला अर्धा ते एक टक्का या गतीनेच उतरू द्यावे. आणि सगळे ओले झेपत नसेल तर निम्मे उष्मांक ओल्यातून द्यावेत. माझ्या वरच्या उदाहरणातल्या मांजराला त्यातूनही शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळते. उरलेले कोरडे खाद्य भिजवून दिले तर तूट आणखी कमी होते. खास खाद्याच्या बाबतीतही, पशुवैद्यांची हरकत नसेल तर, त्याच प्रकारातले ओले आणि कोरडे एकत्र करता येते.

रानजाई (धागाकर्ती):

मधल्या काळात बरेच काही झाले, म्हणून सविस्तर लिहिते. पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलले आणि महिन्याला जास्तीत जास्त किती खर्च झेपेल हेही सांगितले. हे सांगायला मला संकोच वाटत होता. प्रत्यक्षात त्यामुळेच बोलणे पुढे सरकले. बोक्याला आता खास खाद्याचे ओले आणि भिजवलेले कोरडे असे निम्मे-निम्मे मिळते, तेही वेगळ्या खोलीत. इतर दोघी साध्या संतुलित खाद्यावर आहेत. सवय लागायला वेळ लागला. लगदा त्याने शेवटपर्यंत नाकारला, रस्शातले तुकडे मात्र स्वीकारले. ताज्या तपासणीत विशिष्ट गुरुत्व १.०३१ आणि सामू ६.४ आला असून स्फटिक दिसले नाहीत. लिटर बॉक्समध्ये ओल्या वाळूचे गोळे आता मोठे निघतात.

खर्च जुन्या खर्चापेक्षा वाढला आहेच, परंतु तिघांना खास खाद्य देण्याचा जो आकडा मी धास्तीने काढला होता, त्याच्या निम्म्याहूनही तो कमी आहे. पशुवैद्यांनी सहा महिने असेच चालू ठेवून मग साध्या ओल्या खाद्याचा प्रयोग करण्यास संमती दिली आहे. त्या प्रयोगाच्या वेळी तपासण्या कधी कराव्यात, आणि घरी पट्ट्यांनी सामू मोजून दवाखान्याच्या फेऱ्या वाचवता येतील का?

पानगळ:

आकडे उत्तम आहेत. पट्ट्या दिशा दाखवतात, परंतु अर्ध्या अंकाचा फरक त्यांना नीट पकडता येत नाही, आणि तुमचा निर्णय नेमका त्या अर्ध्या अंकावर अवलंबून आहे. सामू खाण्यानंतर काही तास वर जातो, त्यामुळे एकाच दिवसात दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात. विशिष्ट गुरुत्व पट्टीवर पाहूच नका. मांजराच्या लघवीसाठी ते विश्वासार्ह नसते, त्याला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून दाटपणा मोजणारे उपकरण, लागतो.

नवे खाद्य पूर्णपणे सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पहिली तपासणी करा आणि ती चांगली आली तर पुढची तीन महिन्यांनी करा. त्यानंतर वर्षातून दोन वेळा पुरेसे होईल. प्रत्येक वेळी नमुना दिवसाच्या साधारण त्याच वेळी आणि खाण्यापासून तितक्याच अंतराने घ्या, नाहीतर तुलना करता येणार नाही. खाद्याचा ब्रँड किंवा प्रकार बदलला की हे वेळापत्रक पहिल्यापासून सुरू करा. साध्या खाद्यावर सामू ७ च्या वर गेला किंवा विशिष्ट गुरुत्व पुन्हा १.०४० च्या पुढे सरकले, तर लक्षणांची वाट न पाहता खास खाद्यावर परत या; त्यासाठी एक न उघडलेली लहान पिशवी, मुदत पाहून, घरात ठेवलेली बरी.